कापलेला वायसर

"तुमचा नळ माझा शर्ट भिजवतोय," दारातला तरुण म्हणाला.

पेइयिंगने त्याला ओळखलं. खालच्या मजल्यावर आईबरोबर राहणारा, तैवानच्या कीलुंग बंदरावर क्रेन चालवणारा च्यावेई.

"कीलुंगमध्ये शर्ट पाऊसच भिजवतो. नळाला का बोल लावता?"

"पावसाला साबणाचा वास नसतो."

तिला हसू आलं... मागच्या गॅलरीत नळ टपटपत होता, खालची साबणाची बादली भरून वाहत होती, पाणी खालच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होतं. त्याने मेन कॉक बंद केला, नळ खोलला.

"नळ फार पिळता तुम्ही. त्याने आतला रबरी वायसर चेपतो, मग आणखी गळतं. बंद करायचा तो हलक्या हाताने—असा." तिच्या बोटांवर त्याची बोटं... क्षणभरच.

नवा वायसर बसला, थेंब थांबले. पेइयिंगला मात्र घर नकोसं शांत वाटू लागलं.

पुढच्या रविवारी तिने स्वतःच नळ खोलला, कात्रीने वायसरची कड उडवली, नळ जोडला आणि त्याला फोन केला. "परत गळतोय हो..."

तो धावतच आला. अंगात कोरा शर्ट. वायसर उजेडात धरून म्हणाला, "झिजलेला रबर असा दिसत नाही. हा कापलाय."

तिचे कान तापले. "उंदराने—"

"नळात शिरून?" तो हसला नाही. "आज आईची साठी आहे. पाहुण्यांना ताटावर सोडून आलो. माझी गंमतच करायची होती, तर दुसरा दिवस निवडायचा."

वायसर बदलून तो निघून गेला. ती ओल्या फरशीवर तशीच बसून राहिली. लाजेने जीव नकोसा झाला होता. शेवटी उठली, खाली गेली. दार त्याच्या आईने उघडलं. मागे भरलेलं टेबल.

"मावशी, नळ मीच बिघडवला. मुद्दाम. तुमच्या जेवणातून त्यांना उठवलं... माफ करा."

"अगं, पण का?"

पेइयिंग स्वतःच्या चपलांकडे बघत पुटपुटली, "ते वर यावेत म्हणून."

कुणाच्या तरी हातून वाटी निसटली. मावशींनी तिला दंडाला धरून आत ओढलं. "वेई, सरक जरा. पोरी, पुढच्या वेळी नुसती हाक मार. येईल तो."

च्यावेईने शेवयांचा वाडगा तिच्यापुढे सरकवला. त्याची मानही लाल झाली होती.

"मला वर बघवत नाहीये," ती कुजबुजली.

"मग नको बघूस," तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच 'तुम्ही' गळालं होतं. "मी आहे इथे. जेव आधी."