चौथी सावली

डोंगरातल्या नारिन गावच्या नाटकघरात दुपारची तालीम चालली होती. बाहेर नदी गोठलेली, आत चहाची वाफ. बुरुल वरच्या दिव्यांच्या खोलीत बसून खाली मंचावर पहाट कालवत होती. लाल जरासा, हिरवा त्याहून जरासा, निळा चिमूटभर. तिन्ही दिवे एकमेकांत मिसळले की मागच्या पांढऱ्या लोकरी नमद्याच्या पडद्यावर उजेड शुभ्र व्हायचा.

शुभ्र व्हायचा, पण मेलेला.

खाली सायकाल आपा उभ्या होत्या. हरवलेल्या मुलाची वाट बघत रात्र काढणाऱ्या आईचं काम. नवरा गेल्यापासून त्या मंचावर आल्या नव्हत्या. आज जमलं नाही तर पुन्हा इथं पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी दिग्दर्शकाला सांगून टाकलं होतं.

"पोरी, तोंडाला राख फासलीस का गं माझ्या?"

बुरुलने निळा उतरवला. रंगाच्या तापमानाचा आकडा खाली आला की उजेड उबदार होतो, हे तिने मघाशी समजावलं तेव्हा आपा हसल्या होत्या. म्हणाल्या, तुमचं शास्त्र घोड्यावर उलटं बसलंय. माझा सुयुनबाय तर दिव्यासमोर गाल धरून ऊब बघायचा.

सुयुनबाय त्यांचा नवरा, या खोलीचा जुना धनी. दिवे आणायला बर्फात खिंड ओलांडून निघाला, तो ना पोचला, ना परतला. निघताना त्याने रिवाजाप्रमाणे नानचा एक घास दातांनी तोडला आणि उरलेली खोलीतल्या खिळ्याला टांगली. परतेल त्यानेच ती संपवायची. तोवर कुणी हात लावायचा नाही. ती अजून तिथेच होती, वाळून दगड झालेली. मंचावर त्याच्या पिवळ्या दिव्याचा हूकही रिकामाच.

आपांनी वाक्य पुन्हा धरलं. बुरुल सावल्या बघत होती. तीन दिव्यांच्या तीन सावल्या, प्रत्येकीत अडलेल्या दिव्याचा रंग वजा. आकाशी, गुलाबी, पिवळी.

आणि एक निळसर.

पिवळा दिवा अडला की पडते तशी.

तिने लाल विझवला. आकाशी सावली गेली. हिरवा विझवला, गुलाबी गेली. निळाही विझवला.

मंच अंधारायला हवा होता.

नमद्यावर मधासारखी पहाट उरली. आपांमागे एकच सावली, आता गडद काळी. हूक रिकामाच.

सायकाल आपांनी गाल हूककडे वळवला. डोळे मिटले. नाटकातलंच वाक्य, पण हलक्या आवाजात, जणू उंबऱ्यावर उभ्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या,

"आलास? दार उघडंच होतं."

मग दिग्दर्शकाने खालून विचारलं, आपा, उद्या याल ना?

"उद्या. परवा. रोज," त्या गालाला हात लावून म्हणाल्या. "ऊब आहे इथं."

बुरुलने खिळ्याकडे पाहिलं.

नानचा दुसरा घास तोडलेला होता. तुटलेली कड मऊ होती, आणि जराशी ओली.