बांबूवरचे कॅमेरे

"काल दुपारचं सगळं वाया गेलं, मंजुश्री! दमलीस की डावा हात चुकतो तुझा!"

स्वरूपसरांनी हे सकाळपासून इतक्या वेळा सांगितलं होतं, की मंजुश्रीचे कान किटले होते. त्यात मे महिन्याचा उकाडा, अंगात घट्ट काळा पोशाख आणि त्यावर चिकटवलेल्या चकचकीत गोळ्या! वडगावच्या विणकरांच्या जुन्या शेडमध्ये स्वरूपसर आणि त्यांची बेंगळुरूची मंडळी मोबाइलचा खेळ बनवायला आली होती. मंजुश्रीने लाठी फिरवायची, चारी बाजूंच्या कॅमेऱ्यांनी गोळ्या टिपायच्या, की खेळातली मुलगी तश्शीच लाठी फिरवणार! पण दुपार झाली, की पडद्यावरच्या मुलीचा डावा हात कोपरातून भलतीकडेच वळायचा.

"आज दुपारी जमलं नाही, तर उद्या दुसरी मुलगी बोलावू," असं म्हणून स्वरूपसर मंडळींबरोबर जेवायला निघून गेले.

मंजुश्रीने तिथेच जमिनीवर अंग टाकलं. आपला हात खरंच वाकडा जातो की काय, असं आता तिलाही वाटू लागलं होतं, आणि त्याचंच तिला रडू येत होतं.

"भाकरी खा गं," तिचा धाकटा भाऊ किशन म्हणाला.

"नको. भूकच न्हाय."

"सकाळी हात सरळ आन् जेवल्यावर वाकडा? हात भाकरी खातो व्हय?" निपाणीहून सुट्टीला आलेला किशनचा दोस्त श्रेयांस खिदळला.

मंजुश्री हसली नाही. ती छताकडे बघत पडून राहिली. बघता बघता तिची जांभई अर्ध्यावरच थांबली.

"किशन, त्यो कॅमेरा हलला!"

"झोपेत हायस तू!"

"न्हाय रं! बांबू वर उचललाय बघ!"

वेगळे स्टँड कोण मांडत बसणार, म्हणून स्वरूपसरांनी शेडमधल्या आडव्या बांबूंनाच कॅमेरे बांधले होते. त्यातला एक लांबलचक बांबू भिंतीतल्या फटीतून मागच्या अंगणात गेला होता. तिघं मागे धावली. तिथे शेजारच्या अंबूआक्का सुताच्या ओल्या, जड लडी त्याच बांबूवर वाळत घालत होत्या! दुपारचं ऊन तिथेच पडायचं ना!

"आक्का, रोज घालता व्हय हितं?"

"मग कुटं घालू? वाळत घालायचाच बांबू हाय त्यो!"

खरंच की! बाहेरचं टोक वजनानं खाली, आतलं वर, आणि त्याच्याबरोबर कॅमेराही! किशन अन् श्रेयांस नाचायलाच लागले. मंजुश्री मात्र भिंतीला टेकून उभी राहिली. तिने आपला डावा हात दोनदा वाकवून सरळ करून बघितला.

स्वरूपसर परतले आणि ऐकून हसले. "वाळत घातलेल्या सुतानं कॅमेरा बिघडतो? काहीतरीच! चल, उभी राहा."

"मी उभी ऱ्हात न्हाय," मंजुश्री म्हणाली. तिने गोळ्या लावलेली लाठी जमिनीवर आडवी ठेवली आणि ती लांब सरकली. "आता बघा पडद्यावर."

लाठी जमिनीवर निवांत पडली होती. पडद्यावर मात्र तिचे ठिपके थरथरत होते आणि ती मधेच मोडल्यासारखी दिसत होती!

"लाठी पण दमली का वो, सर?" श्रेयांसने साळसूदपणे विचारलं.

स्वरूपसरांचा चेहरा पडला. मग मात्र त्यांनी गुपचूप गाडीतून स्टँड काढले. एक कॅमेरा उंच, एक खाली, एक पाठीमागे. मंजुश्री कशीही वळली तरी प्रत्येक गोळी निदान तीन कॅमेऱ्यांना दिसलीच पाहिजे! सगळ्यांचं माप नव्याने जुळवलं आणि मंजुश्रीने लाठी फिरवली. पडद्यावरच्या मुलीचा डावा हात सुतासारखा सरळ!

"चूक माझी होती. तुझा हात पहिल्यापासून बरोबर होता," स्वरूपसर सगळ्यांसमोर म्हणाले. "शाब्बास पोरांनो!"

"माझ्या लडींवर खापर फुटायचं राहिलं बाई!" म्हणत अंबूआक्कांनी मंजुश्रीच्या तोंडावरून हात फिरवला.

"आता पुन्हा एकदा करूया? उगाच, खात्रीसाठी?" सरांनी विचारलं.

"न्हाय सर. बरोबर झालंय," मंजुश्री म्हणाली आणि मनगटावरची गोळी काढून तिने त्यांच्या हातात दिली.