काचेखालची ओळ

चतुर्थीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली, त्या आठवड्यात मुळगावच्या हायस्कूलला खाणीकडून जुने कॉम्प्युटर भेट आले. उघड्या गाडीतून, गोणपाटात गुंडाळून, मधे भाताचा पेंढा कोंबून. हेडमास्तर कृष्णनाथ सरांनी लगेच गौरेशला निरोप धाडला. गौरेश गावचाच, खाणीच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघणारा. मोडीत निघालेलं यंत्र उठवून चालतं करावं तर त्यानेच, असं अख्ख्या डिचोलीत बोललं जायचं.

"फुकटचं आलंय म्हणून नाक मुरडू नको," सर म्हणाले. "आणि ते तुझं लिनक्स घाल. विकतचं घेऊक शाळेकडे कितें आसा? पोरांना आपल्या अक्षरात लिहिता आलं म्हणजे झालं."

"घालतो सर. दोन दिवस खोली माझ्या ताब्यात द्या."

"खोली घे, चंद्रावतीक केर काढूक मात्र सोड. नाहीतर ती माझ्यावर डाफरतली."

चंद्रावतीचं नाव ऐकून गौरेशने पेंढ्यात हात घातला आणि उगाच काहीतरी शोधत राहिला. चंद्रावती गेल्या पावसाळ्यापासून शाळेत झाडलोट करत होती. त्याआधी ती यशवंतची बायको होती. आता ती यशवंतची विधवा होती, आणि गावाच्या तोंडी 'त्या बेवड्या पंपवाल्याची'.

शेवटच्या गोणपाटातून एक कॉम्प्युटर निघाला, त्याचा छोटा मॉनिटर आणि पिवळट पडलेला कीबोर्ड. जाड, जुन्या घडणीचा. कळ दाबली की बंदुकीच्या चापासारखा टक् आवाज करणारा. उजव्या कोपऱ्यातल्या मोठ्या कळीवर लाल कागद चिकटवला होता, आणि त्यावर गौरेशच्याच अक्षरात लिहिलं होतं: पाहिलं.

हे यंत्र पंपघरातलं होतं.

खाणीच्या खड्ड्याच्या काठावर ते पंपघर. खड्ड्यात साचणारं पाणी उपसायचं, स्क्रीनवर पाण्याची पातळी बघायची, आणि पाळी संपण्याआधी तळात उतरून पंपाच्या जाळीतला गाळ काढायचा, हे यशवंतचं काम. माणूस सावंतवाडीकडचा, मराठी चौथी शिकलेला. आणि स्क्रीनवरचं सगळं इंग्रजीत. गोव्याचं राज्य झालं, कोकणी की मराठी म्हणून लोकांनी एकमेकांची डोकी फोडली, आणि ज्याच्या जिवावर खाण चालायची त्याला 'खाली उतरू नका' हे सांगायचं तेवढं इंग्रजीत. कोणाला त्याचं काही वाटलं नाही. एकदा यशवंतनेच विचारलं, "गौरेशबाब, ह्या मशीन माझ्याशी माझ्या भाषेत बोलात काय?"

गौरेशला ते लागलं. त्याने जीव ओतून काम केलं. साध्या अक्षरी पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती, म्हणून त्याने सगळा पडदा चित्राचा केला. अक्षरं मोठी काढली, म्हणजे वरच्या-खालच्या मात्रा तुटणार नाहीत. कळींवर कागद चिकटवले. पाणी चढलं की सगळ्यात खालच्या ओळीत सूचना येईल: पाणी वर. खाली उतरू नये. ती वाचून यशवंतने लाल कळ दाबायची. ऑफिसातल्या मोठ्या मॉनिटरवर सगळं चोख दिसलं.

पंपघरातल्या छोट्या मॉनिटरवर सूचना लावून बघायची तेवढी राहिली. त्या दिवशी शिरगावची जत्रा होती. यशवंत लईराई देवीचा धोंड, व्रत पाळणारा भक्त. सोवळ्यात, हातात गोंडे बांधलेला वेत घेऊन तो पंपघराच्या दारात उभा होता. "चला गौरेशबाब, तळीवर गर्दी जातली. जत्रा झाल्यार बघा तुमचा काय ता." गौरेश उठला. जत्रेनंतर बघू म्हणाला. जत्रेनंतर विसरला.

मोठ्या अक्षरांनी ओळी उंच झाल्या होत्या. त्या छोट्या मॉनिटरवर सगळ्यात खालची ओळ काचेच्या कडेखाली गेली होती, दिसत नव्हती.

आषाढात एका संध्याकाळी यशवंतने नेहमीसारखं स्क्रीनकडे बघितलं, काही दिसलं नाही, तो जाळी साफ करायला खाली उतरला. वरून मातीचा कडा कोसळला आणि पाणी आलं.

इथवर गौरेशची चूक होती, आणि चूक कोणाच्याही हातून होते. पुढे त्याने जे केलं ती चूक नव्हती. प्रेत सापडायच्या आधी तो एकटा पंपघरात गेला. यशवंतच्या खुर्चीत बसला. काचेवर खालची ओळ नाही हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग मॉनिटरच्या पाठीमागचा स्क्रू पिळून त्याने चित्र दाबलं. ओळ वर आली. चौकशीच्या साहेबांना ती स्वच्छ वाचता आली. सूचना समोर होती, लाल कळ दाबलेली नव्हती. साहेबांनी लिहिलं, कामगार शुद्धीत नसावा. गावाने त्याचा सरळ अर्थ लावला.

तेच यंत्र आता हायस्कुलात आलं होतं.

गौरेशने पहिलं काम केलं ते डिस्क पुसायचं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग नवीन लिनक्स घातलं. कीबोर्ड उलटा करून झटकला, तेव्हा टेबलावर तांबडी माती पडली. खाणीतली. त्याने ओल्या फडक्याने कळी पुसल्या. लाल कागद नखाने खरवडून काढला. खाली कळ कोरी होती.

मॉनिटरच्या सेटिंगला वेळ गेला. जुन्या मॉनिटरला त्याची आडवी-उभी गती फाईलमध्ये हाताने लिहून द्यावी लागते. चुकली तर आतून शिट्टी वाजते आणि चित्र फाटतं. चौथ्या-पाचव्या खेपेला चित्र बसलं. वर, डावीकडे, उजवीकडे नीट. खाली मात्र एक काळी पट्टी राहिली. साधारण एका ओळीएवढी.

त्याने स्क्रू पिळला. चित्र दबलं, पट्टी तशीच. फाईलमधले आकडे बदलले. पट्टी तशीच. शेवटी शाळेच्या ऑफिसातला धडधाकट मॉनिटर आणून जोडला.

पट्टी तशीच.

कृष्णनाथ सर डोकावले. "वा. अख्खी स्क्रीन भरली मरे."

"खाली ती काळी पट्टी आहे ना, तेवढी जात नाही सर."

"खंयची पट्टी?" सरांनी चष्मा वर केला, खाली केला. "कडेपर्यंत निळं आहे. जेवलास काय तू? जा, घरा वचून जेव."

सर गेल्यावर गौरेशने काचेच्या खालच्या कडेला बोट लावलं. काच थंड लागली. बोट दुसऱ्या पेरापर्यंत दिसत होतं. पुढचं पेर दिसत नव्हतं.

त्याने हात झटक्याने मागे घेतला. बोट पुरं होतं. नखात तांबडी माती होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रावती केरसुणी घेऊन आली. तिने नेहमीसारखं विचारलं, "आत येव?" आणि नेहमीसारखं उत्तराची वाट न बघता आली. खिडकीखालून झाडत झाडत ती टेबलापाशी पोचली, आणि केरसुणी थांबली.

"गौरेशबाब," ती म्हणाली. "ह्या मशीन तेंच्या पंपघरातला मां?"

"नाही वयनी. ऑफिसातलं."

"मगे ह्यां कित्याक लिवलेला आसा?"

"काय?"

ती वाकली. तिला भरभर वाचता येत नव्हतं. बोट फिरवत, अक्षर अक्षर जुळवत तिने त्या काळ्या पट्टीवरून वाचलं. "पाणी वर. खाली... उतरू नये."

गौरेशला पट्टीत काहीच दिसलं नाही. तिचं बोटही नाही. मनगटाच्या पुढे तिचा हात काळ्यात गेला होता, आणि तिथून ओल्या मातीचा वास येत होता.

डिस्क पुसलेली होती. ते शब्द त्या यंत्रात कुठेच नव्हते.

"वयनी, ते जुनं काहीतरी राहिलं असेल. मी काढतो."

"काढू नकात." ती सरळ झाली. तिचा आवाज चढला नव्हता. "गाव म्हणता, ते पिऊन व्हते. धोंड माणूस. तेंनी कधी तोंडाक लावली नाय, ता माका म्हायत आसा. पण लिवलेला दिसत असताना ते खाली कशे उतारले, ह्येचा उत्तर माका खंय गावना नाय. माझो झील शाळेत मारामारी करून येता. तेका काय सांगू? तुमी ह्या मशीन बसयलात. तुमी खरा सांगा. त्या दिसा ह्या ओळ दिसत व्हती?"

बाहेर पोरं पाढे म्हणत होती.

सांगायचं होतं ते एवढंच: नाही. एक शब्द. नोकरी गेली असती, कदाचित पोलीस आले असते, गाव थुंकलं असतं. पण तिच्या पोराला बाप परत मिळाला असता.

"दिसत होती," गौरेश म्हणाला.

चंद्रावतीने मान हलवली. रडली नाही. केर सुपलीत भरला आणि निघाली. दारापाशी वळून म्हणाली, "तुमचे उपकार आसत. तुमीच एकटे तेंच्याशी धड बोलायचात."

ती गेली.

कीबोर्डवर कोणाचाही हात नव्हता. उजव्या कोपऱ्यातली कोरी कळ हळूहळू खाली गेली, जड बोटाखाली जावी तशी.

टक्.

गौरेशने भिंतीतला प्लग उपटला. स्क्रीन विझली. कळ वर आली नाही.

संध्याकाळी घरी येताना तो दोनदा ठेचकाळला. दुसऱ्यांदा तर स्वतःच्याच उंबऱ्याला.

"रोजचो उंबरो दिसलो ना तुका?" बायको हसली. संजना सोप्यावर तांदूळ निवडत बसली होती. मग तिचं हसू गेलं. "हें कितें? पँट कशी भिजली?"

"कुठे?"

"खंय म्हणून विचारता! घोट्यांपर्यंत चिखल आसा. तांबडो. पाऊस तर ना आज. खाणीर गेल्लो?"

गौरेशने खाली बघितलं. पोटऱ्या दिसत होत्या. त्यांच्याखाली घोटे नव्हते, पावलं नव्हती, जमीनही नव्हती. काळी पट्टी होती. पट्टीने आखल्यासारखी सरळ.

"हायस्कुलाकडे डबकं होतं," तो म्हणाला.

संजनाने पाणी आणून त्याचे पाय धुतले, पँटचे काठ पिळले. तिचे हात मनगटांपर्यंत दिसत होते. ती काय धुतेय ते त्याला दिसत नव्हतं, आणि तिच्या हातांचा स्पर्शही कळत नव्हता. नुसता गारवा कळत होता.

"तू भियेला मरे," ती म्हणाली. "कितें जालां? सांग म्हाका."

त्याने तोंड उघडलं. चंद्रावतीची खोली तिथून लांब नव्हती. आवळीच्या झाडामागे तिच्या चुलीचा धूर दिसत होता. उठून, चार पावलं टाकून, दारात उभं राहून सांगता आलं असतं. अजूनही.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

खालून आवाज आला. टक्.

संजनाने तांब्या खाली ठेवला आणि त्याच्या पँटकडे बघत राहिली. काठ तिने आत्ताच पिळले होते.

"अरे," ती हळूच म्हणाली, "गुडघ्यांपर्यंत भिजली."