चाळीस मिली आगळ

"थोडं आगळ मिळेल का? चाळीस मिली?"

दारातल्या मुलाने हे इतक्या गंभीरपणे विचारलं की मला आधी हसूच आलं. नेदरलँड्समधल्या आमच्या न्यूनेन गावची बारीक, चिवट रिपरिप त्याच्या चष्म्यावर जमली होती आणि हातात इवलीशी काचेची बाटली होती. 'कोकम आगळ कोणाकडे आहे का?' असं त्याने सकाळीच मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं होतं. आईने देवगडहून पाठवलेली लिटरभराची बाटली माझ्याकडे तशीच पडून होती, म्हणून मी उत्साहाने 'आहे' म्हटलं होतं.

"अहो, अख्खी बाटली न्या की! आगळ कोणी मिलीत मोजतं का?"

"मी मोजतो." मग चष्मा पुसत, जरा लाजून – "बिअरमध्ये घालायचंय."

आईला कळलं असतं तर...!

हा सारंग. सायकलने दहा मिनिटांवर राहायचा, आइंडहोव्हनला नोकरी करायचा आणि बागेतल्या शेडमध्ये स्वतः बिअर बनवायचा. पुढच्या शनिवारी तो पुन्हा दारात. पुन्हा चाळीस मिली! तेव्हा मीही कुतूहलाने त्याच्याबरोबर गेले. शेडमधल्या फ्रिजमध्ये स्टीलचं उंच पिंप होतं. त्याला केग म्हणतात. आत एकोणीस लिटर गव्हाची बिअर, गॅस भरून तयार. तो ग्लासात मोजून दोनशे मिली काढायचा, ड्रॉपरने आगळ सोडायचा, चाखायचा, वहीत लिहायचा आणि ग्लास माझ्यापुढे धरायचा.

"सांग, जास्त झालं?"

"डोळे मिटून सांगू की उघडे ठेवून?"

"उघडेच ठेव," तो म्हणाला आणि घाईघाईने वहीत बघायला लागला. कान मात्र लाल झाले होते.

असे सहा शनिवार गेले. मी पुण्याहून दोन वर्षांसाठी आले होते. आता आणखी वर्षभर राहायचं की परत जायचं, हे सोमवारपर्यंत ऑफिसला कळवायचं होतं. खरं सांगते, मला राहायचं होतं आणि त्याचं कारण समोर ड्रॉपर घेऊन बसलं होतं. पण त्या कारणाने एकदा तरी तोंड उघडायला नको?

"सारंग, काय करू रे मी?"

"हं... तुझा निर्णय आहे. मी कसं सांगणार?"

असा राग आला म्हणता!

त्या सातव्या शनिवारी त्याचं गणित पक्कं झालं होतं. दोनशे मिलीला तीन, म्हणजे नव्याने भरलेल्या एकोणीस लिटरच्या केगला दोनशे पंच्याऐंशी. त्याने केगमधला गॅस सोडला, झाकण उघडलं आणि माझ्या बाटलीतलं आगळ हळूहळू आत ओतलं. मग कसलीशी नळी आणायला तो घरात गेला.

मी आगळाबरोबर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणली होती. जिरेपुडीशिवाय कोकम आमच्या घरी कधी कोणी प्यायलेलं नाही. त्याच्या वहीत जिरं नव्हतं, पण मला आता त्या वहीचाच राग आला होता. मी अख्खी डबी केगमध्ये उपडी केली.

गॅस भरलेल्या बिअरमध्ये कोरडी पूड पडली की काय होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी फस्स् झालं आणि मग गुलाबी फेसाचं कारंजंच उडालं! छतावर, भिंतीवर, माझ्या केसांत. सारंग धावत आला आणि त्याने कसंबसं झाकण लावलं, पण तोवर तोही नखशिखांत भिजला होता.

"काय घातलंस?"

"जिरेपूड."

"किती?"

"...अंदाजे."

पुसायला फडकं हवं म्हणून मी फळीवर हात घातला. फडक्यामागे पाच इवल्या बाटल्या होत्या. आगळाने गच्च भरलेल्या, झाकणही न उघडलेल्या.

"हे काय?"

तो हळूच म्हणाला, "पहिलीच सगळे शनिवार पुरली."

"मग दर वेळी...?"

"अख्खी बाटली एकदम नेली असती, तर परत कुठल्या निमित्ताने आलो असतो?"

माझा राग कुठच्या कुठे गेला, पण डोळे भरून आले. "आणि सोमवारचं? मी विचारलं होतं ना तुला..."

"मी थांब म्हणायचं आणि तुझं मन नाही रमलं तर? एकदा जास्त पडलं की काढून घेता येत नाही गं. म्हणून थेंबाथेंबाने –"

"सारंग, माझ्या केसांत बिअर आहे. आता तरी ओत ना सगळं!"

त्याने चष्मा काढला. "जाऊ नकोस, निशिगंधा. मला तू आवडतेस. फार."

"फार म्हणजे किती?"

वही टेबलावर चिंब भिजून पडली होती. त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मोजलं नाही," तो म्हणाला.

उरलेल्या बिअरचा एक ग्लास आम्ही दोघांत प्यायलो. तिला जिरंच हवं होतं, हे त्यालाही कबूल करावं लागलं. राहणार असल्याचा मेल मी ऑफिसला तिथेच, उभ्या उभ्या, एका हाताच्या चिकट बोटांनी लिहिला. दुसरा हात सारंगने धरून ठेवला होता.