गार पडलेला ढीग

निळवण बेटाच्या जंगलात एक पक्षी आहे. तो अंड्यांवर कधीच बसत नाही, तरी त्याची पिल्लं जन्माला येतात. ती कशी येतात, हे केतकीला माहीत होतं. यंदा ती का येत नाहीत, हे मात्र कुणालाच कळेना.

केतकी आजोबांजवळ राहायची. आजोबा, म्हणजे डॉक्टर सामंत, या राखीव बेटावरचे शास्त्रज्ञ. केतकीची आई सुमेधा पूर्वी पाहुण्यांना जंगल दाखवायला न्यायची. आता ती चंद्रावरच्या तळावर होती, तिथल्या धुळीपासून पिकाऊ माती करायच्या कामावर. तिच्या जागी खंडू नावाचा यंत्रमानव आला होता. त्याला नऊ भाषा येत, पण गप्पा एकीतही मारता येत नसत.

संध्याकाळी आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "ढीग कसा आहे?"

"मी बरी आहे," केतकी म्हणायची.

आई हसायची, पण ते हसू चंद्रावरून पोचेपर्यंत केतकीचं तोंड फुगलेलंच असायचं. मग आई हळूच म्हणायची, "इतकी वर्षं त्या वाटेने गेले गं, पण पिल्लू बाहेर येताना एकदाही दिसलं नाही. माझ्या वाटणीचं तू बघ."

त्यामुळे ढीग गार पडलाय, हे आईला सांगायचं केतकीच्या जिवावर आलं होतं.

हा ढीग पायवाटेच्या वळणावर होता, मातीचा नि पालापाचोळ्याचा, केतकीच्या खांद्याएवढा उंच. त्या पक्ष्यांच्या, म्हणजे ढीगकोंबड्यांच्या, एका जोडीने तो पायांनी उकरून रचला होता. अंडी त्याच्या पोटात पुरलेली, आणि पाल्याच्या उबेनेच ती उबायची.

"पण पाला गरम होतोच कसा?" केतकीने विचारलं.

"त्यात सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव) असतात," आजोबा म्हणाले. "ओला पाला म्हणजे त्यांची पंगत. ते पाला खातात, तो कुजतो, आणि त्या खटाटोपात उष्णता बाहेर पडते. तू धावलीस की तापतेस ना, तसंच. एका पानाची ऊब लगेच उडून जाते. ढिगात मात्र वरचा थर खालच्याची गोधडी होतो."

"मग आपण आत हीटर पुरू या."

"पक्षी चोच खुपसून ऊब बघतो. गार वाटलं की पाला घालतो, फार तापलं की उकरून वाफ सोडतो. तुझा हीटर त्याचं ऐकेल का?"

केतकी वाकून पाहू लागली. समोर ढीगकोंबडा जमीन उकरत होता, मागे माती उडवत होता. मातीच. पान एकही नाही. पायवाट आणि तिच्या दोन्ही कडा अंगणासारख्या लख्ख होत्या.

"खंडू, इथला पाला कुठे गेला?" तिने मागे उभ्या असलेल्या यंत्रमानवाला विचारलं.

"मी रोज झाडतो," खंडू अभिमानाने म्हणाला. "पाहुणे घसरतात. सर्व पाला उपाहारगृहामागील खड्ड्यात टाकला जातो."

केतकी धावत खड्ड्याशी गेली. तिने पाल्यात कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला.

"आजोबा," ती ओरडून म्हणाली, "ढिगाची ऊब इथे आहे."

आजोबांनी हात घालून पाहिला. मागोमाग आलेल्या खंडूकडे ते वळले. "खंडू, उद्यापासून झाडू बंद."

"पाहुणे घसरतील."

"घसरू देत थोडे. जंगलातच आलेत ना?"

त्यांनी खड्ड्यातला पाला वाटेच्या कडेने पसरला. ढिगाला मात्र हात लावला नाही. राखीव जंगलातला नियमच तो, आणि ढीग कसा रचायचा हे त्या जोडीलाच कळत होतं. पहिला दिवस पक्षी संशयाने बघत राहिले. मग पान न् पान मागे ढकलू लागले. ढिगात पूर्वीच बसवलेल्या तापमापकातला (किती गरम आहे ते सांगणाऱ्या यंत्रातला) आकडा हळूहळू वर चढला. आत जुनी अंडी होती, काही नवीही. त्यातली किती तगतील, हे आजोबांनाही सांगता येईना.

काही आठवड्यांनी, पाहुण्यांना, केतकीला आणि आजोबांना घेऊन जाताना, खंडू वळणावर थांबला. ढिगाच्या कुशीत पाला हलत होता. आधी एक पाय दिसला, पंजा अंगाच्या मानाने भलताच मोठा. मग मातीने माखलेलं तपकिरी पिल्लू बाहेर पडून धापा टाकत बसलं.

केतकी पुढे वाकली. ती झुडपांकडे बघत राहिली. आता त्याची आई येईल, आता येईल.

कुणी आलं नाही. पिल्लाने पंख झटकले आणि ते एकटंच रानात पळालं.

"त्याला न्यायला कुणीच नाही?"

"ही पिल्लं आपली आपणच जगतात," आजोबा म्हणाले. "आईबापांनी जे द्यायचं ते आधीच ढिगात घालून ठेवलेलं असतं. मोठं झालं की हेही कुणी न शिकवता पाला ओढायला लागेल."

"त्याला आईची आठवण येत असेल?"

"माहीत नाही. विचारायची सोय अजून निघालेली नाही. तू काढ मोठेपणी."

केतकी पिल्लू गेलं त्या दिशेला पाहत राहिली.

"मला येते," ती म्हणाली.

आजोबांनी तिचा हात हातात घेतला. मागे ढीगकोंबडी परतली होती आणि उरलेल्या अंड्यांवर पुन्हा पाला लोटत होती.