मेणावरच्या रेघा

भुताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं कुणी ठरवलंय, मला माहीत नाही. माझी घडली ती सकाळी सव्वासातला. थंडीचे दिवस होते, पण उजाडलं होतं. मी तोंड धुऊन, चहा पिऊन, पूर्ण शुद्धीवर होते.

हे आधीच सांगते, कारण घरचे म्हणतात, तुला झोपेत भास झाला असेल.

नाही झाला.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. आणि यात माझी एक चूक आहे, जी मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

माझे मामा चित्रकार. सव्विसाव्या वर्षी दोन सदरे आणि रंगांची पेटी घेऊन परदेशात गेले, ते तिकडचेच झाले. आधी रंगवायचे. मग तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापायला लागले आणि त्यातच त्यांचं नाव झालं. त्या परक्या शहरातले पूल, जिने, धुराडी, काही म्हणून सोडलं नाही. एका पुलाचे तर अकरा पत्रे कोरले.

मामी म्हणायच्या, "त्या पुलाकडे बघता त्याच्या निम्मं माझ्याकडे बघितलं असतंत, तर मी केव्हाच देखणी झाले असते."

मामा हसायचे. "तू काय, घरचीच आहेस. कुठे पळून चाललीस?"

मामी दहा दिवसांच्या तापात गेल्या.

त्यानंतर वर्षभरात मामांचे डोळे गेले. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मूलबाळ नव्हतं. आई मला म्हणाली, "माझ्या भावाला तिथे बघायला कुणी नाही गं. तू जा." मी गेले.

पहिल्याच आठवड्यात, हातातला कप तसाच धरून मामा म्हणाले, "बबडे, मला तिचा चेहरा आठवत नाहीये."

मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

"हात आठवतात. आवाज आठवतो. चेहऱ्याच्या जागी काहीच येत नाही. एकवीस वर्षं समोर होती, आणि मी मेला पूल बघत बसलो."

फोटो होते, पेटीभर होते. पण फोटो बोटांना दिसत नाही. कोरलेला पत्रा दिसतो. मामा आपले जुने पत्रे बोटांनी चाचपून सांगायचे, हा जिना, ही तिसरी पायरी. त्यांना मामींचा तसा एक पत्रा हवा होता. मरायच्या आधी एकदा तिचा चेहरा बोटांखाली यावा, बस्स, एवढंच.

काम असं असतं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. मेणबत्तीच्या धुराने तो काळा करायचा. मग सुईने मेण खरवडत चित्र काढायचं. पत्रा अ‍ॅसिडात बुडवला की जिथे मेण निघालंय तिथेच तांबं खाल्लं जातं आणि रेघ खोल उतरते. मेणावरच्या रेघेला मात्र हात लावायचा नाही, मेण लगेच फाटतं. आणि एखादी रेघ नको असेल तर तिच्यावर व्हार्निश फिरवायचं. मग तिथे अ‍ॅसिड शिवत नाही.

मामांनी अंदाजाने खुर्ची काढली. खिडकी काढली. मांडीवर ठेवलेले मामींचे हात काढले, हुबेहूब. सुई वर चेहऱ्याशी आली... आणि थांबली.

रोज तिथेच थांबायची. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं. जेवण सुटलं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

मग ती सकाळ आली.

सव्वासात वाजले होते. कामाच्या खोलीतून आवाज आला...

खर्र... खर्र...

तांब्यावर सुई चालल्याचा आवाज. मला वाटलं, मामा लवकर उठले.

पण मामा पलीकडच्या खोलीत घोरत होते.

मी दार ढकललं. आवाज थांबला. आत कुणी नव्हतं. सुई टेबलावर होती, आणि काळ्या मेणावर एक नवी रेघ चमकत होती. हनुवटीची.

दुसऱ्या दिवशी गाल आला. तिसऱ्या दिवशी हनुवटीवरचा तीळ. मामींचा तीळ डावीकडे होता, पत्र्यावर तो उजवीकडे आला होता. बरोबरच होतं ते. छापताना चित्र उलटं होतं, म्हणून पत्र्यावर सगळं उलटं काढायचं असतं. मामींना हे कुणी शिकवलं नव्हतं. पण एकवीस वर्षं त्या शेजारी बसून बघत होत्या.

मी मामांना सांगून टाकलं.

मामा घाबरले नाहीत. लहान मुलासारखे हसले. "आत जाऊ नकोस हं. तिला काम करू दे."

पाचव्या दिवशी डोळे आले. चेहरा पुरा झाला. मामीच होत्या त्या.

"उद्या अ‍ॅसिडात घालू," मामा म्हणाले. त्या संध्याकाळी ते पत्र्याशेजारी बसून हळू आवाजात बोलत होते. मी दाराआडून ऐकलं.

"उद्या एकदा तुझा चेहरा बघतो. मग मला इथे काय करायचंय? मग तुझ्याबरोबर निघतोच."

आईने मला मामांना सांभाळायला पाठवलं होतं. चेहरा दिसला की मामा जाणार. म्हणजे चेहरा दिसताच कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी पहाट सरताच मी त्या खोलीत गेले. ब्रश घेतला. मामींच्या चेहऱ्यावर व्हार्निश फिरवलं. डोळे, गाल, तीळ, सगळं झाकलं.

काहीच झालं नाही. ना आवाज, ना सावली.

दहा वाजता पत्रा अ‍ॅसिडात गेला. मग मी त्यावरचं मेण आणि व्हार्निश पुसून काढलं, तो धुतला आणि मामांच्या हातात दिला. मामांची बोटं खुर्चीवरून गेली. खिडकीवरून, हातांवरून. मग वर सरकली...

सपाट.

बोटं त्या गुळगुळीत जागेवर गोल गोल फिरत राहिली. किती वेळ, ते मला सांगवत नाही.

"तिथे मेणाचा थर जाड बसला असेल, मामा, सुई तांब्यापर्यंत पोचली नसेल," मी म्हणाले.

"असेल," मामा म्हणाले. "थर मीच दिला होता ना. माझंच चुकलं असेल."

त्यांनी नव्या पत्र्याला मेण दिलं आणि तो टेबलावर ठेवला. रोज सकाळी विचारायचे, "काही दिसतंय का, बबडे?"

"नाही, मामा."

ते खरंच होतं. सुईचा आवाज परत आलाच नाही. त्रेचाळीस सकाळी त्यांनी विचारलं. चव्वेचाळिसाव्या सकाळी मामा उठलेच नाहीत. मी त्यांना वाचवलं नव्हतं. त्यांना रिकाम्या हाताने पाठवलं होतं.

चार दिवसांनी मी सामान बांधत होते. सव्वासातला...

खर्र... खर्र...

मी धावत गेले. टेबलावर मामांनी मेण दिलेला तो शेवटचा पत्रा होता. त्यावर पूर्ण चित्र होतं. हेच टेबल. टेबलावर वाकलेली एक मुलगी, पाठमोरी. माझी वेणी, माझा स्वेटर. हातात ब्रश.

आणि मागे, दारात, चौकटीला धरून उभे असलेले... मामा. अनवाणी. ओठ मिटलेले.



म्हणजे त्या सकाळी मामा दारात होते. त्यांना दिसत नव्हतं, पण चाळीस वर्षं याच कामात घालवलेल्या नाकाला व्हार्निशचा वास कळणार नाही? त्यांना माहीत होतं. तरी "माझंच चुकलं" म्हणाले. आणि त्रेचाळीस सकाळी मला विचारत राहिले. एकदा "मामा, मी केलं" म्हणायला माझं काय जात होतं?

तो पत्रा मी घरी आणला. नऊ वर्षं झाली. अ‍ॅसिडात घालायची हिंमत नाही, मेण पुसायचीही नाही. कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलाय. घरात कुणालाही सुई धरता येत नाही, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.

परवा फडकं सोडलं.

मामांचे ओठ मिटलेले होते, मला पक्कं आठवतंय...

आता ते उघडे आहेत.

म्हणून आज सगळं लिहून टाकलं. मामा, व्हार्निश मीच लावलं. मीच.

कपाट आतल्या खोलीत आहे. अजून जाऊन बघितलेलं नाही.