चिमणीच्या उड्या

"टोकन घेतलंत का? नाहीतर संध्याकाळपर्यंत बसून राहाल," ती घाईघाईत म्हणाली.

दवाखान्याच्या नोंदणी खिडकीसमोर बसलेल्या त्या तरुणाने मान वर केली. डोळे हसरे... आणि जरा आगाऊच.

"आजारी मी नाहीये. तुमचा संगणक आहे. त्याला तपासायला आलोय."

ती ओशाळली. साहेबांनी बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ तो हाच! नोंदणीचा प्रोग्राम तिने एकटीने, जीव ओतून लिहिला होता. पण सकाळी वाऱ्यासारखा पळणारा तो शहाणा दुपारी गोगलगाय व्हायचा. साहेबांनी निक्षून सांगितलं होतं, आज कारण सापडलं नाही तर उद्यापासून विकतचा प्रोग्राम बसवायचा.

आतल्या खोलीत टेबल एवढंसं. त्याच्या बाहीचा ओझरता स्पर्श झाला नि ती उगाचच पेन शोधू लागली. त्याने आपलं तपासणीचं साधन, प्रोफायलर, जोडलं.

"प्रोसेसर कशात गुंतलाय ते हा बघतो. पण टक लावून नाही हं! सारखं बघत बसलं की त्याचंच ओझं होतं. अधूनमधून चोरून बघायचं."

"बराच सराव दिसतोय तुम्हाला—"

"आजच सुरू केलाय."

कामाच्या वेळी कसलं लाजायचं, असं स्वतःला दटावत तिने पडद्यावर नजर खिळवली. प्रोसेसर पार घाईला आला होता. पण नाव लिहिणं, नंबर देणं ही कामं तर निवांत चालली होती. मग राबत होतं कोण? तेवढ्यात प्रोफायलरच्या सेटिंगमधली एक खूण तिला दिसली.

"चित्रं काढण्याचं काम वगळलंत? का?"

"नेहमीच वगळतो. त्याचा कुणाला त्रास होतोय!"

"माझ्याकडे चिमणी आहे."

"...काय आहे?"

वाट बघून मुलं रडतात, म्हणून नंबर येईपर्यंत बाहेरच्या पडद्यावर उड्या मारणारी चिमणी तिने काढली होती. त्याने हसू दाबत ती खूण काढली आणि आलेखात जिकडे तिकडे चिमणीच!

"अगं बाई! नंबर आला की मी तिला लपवते... थांबवत नाही!" ती किंचाळलीच. प्रत्येक पेशंटची एकेक चिमणी सकाळपासून पडद्याआड उड्या मारत होती. "काखेत कळसा नि गावाला वळसा!"

"मग काढून टाका तिला."

"मुळीच नाही!"

तिने एकच ओळ लिहिली: लपवशील तेव्हा थांबवही. भर दुपारची गर्दी आली, सरली, तरी प्रोग्राम पळतच होता. साहेब स्वतः डोकावून म्हणाले, "विकतचा नको. हाच राहू दे." तिने आनंदाने टाळीसाठी हात पुढे केला. त्याने टाळी दिली... आणि हात सोडायला जरा उशीरच केला.

मग तो बॅग भरू लागला. भरता भरता एक नजर तिच्याकडे, पुन्हा एक.

"काम झालं की तुमचं! अजून चोरून काय बघताय?"

"टक लावून बघितलं तर ओझं होईल ना तुम्हाला..."

तिने त्याच्या हातातली बॅग काढून खाली ठेवली.

"बघ की. झेपेल मला."